डाव्या करंगळीचा धडा

४ मार्च

चि. चिमणीस दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझा खोकला गेला असं धरून चालतो. नसता गेला तर त्यावर चार पानं आली असती. फोनवर तू भांडतेस म्हणून हे पत्र. हल्ली हात थरथरतो, पेन धरवत नाही, तरी टाइपरायटरच्या यंत्रावर माझं झकास चालतं, हे तू बघतेच आहेस.

आमचं ठरलं. एक एप्रिलला मी आणि तुझी वहिनी कायमचे तिकडे येतो आहोत. वडिलांनी घर आपल्या दोघांच्या नावावर ठेवलंय, तेव्हा विचारत नाही, कळवतो. आतली खोली आम्हाला लागेल आणि तिथे तुझी टाइपरायटरवरची तीनशे पुस्तकं ठाण मांडून बसलीत. यंत्रं गेली, तुझा टायपिंगचा क्लास बंद पडला, तू निवृत्त झालीस. तळं आटल्यावर पोहायची पुस्तकं जमवणारी माझी एकटीच बहीण असेल! पंचवीसपर्यंत रद्दीवाल्याला बोलाव. नाहीतर तिथल्या माझ्या वकील मित्राला पत्र टाकतो (फोनवर त्याला ऐकू येत नाही), तो रद्दीवाल्याला घेऊनच येईल.

राग धर, पण माया सोडू नकोस.

तुझा,
दादा


९ मार्च

ती. दादास चिमणीचा नमस्कार, कंबर वाकेल तेवढा.

खोकला आहे. पानं मात्र दोनच लिहिते, कारण उत्तर एका शब्दाचं आहे: नाही.

आणि पुस्तकं तीनशे नाहीत, तीनशे बारा. प्रत्येकाच्या पाठीवर माझ्या हातची क्रमांकाची चिठ्ठी आहे. दुरुस्तीच्या पुस्तिका आहेत, वेगाच्या परीक्षेचे उतारे आहेत, आणि टायपिस्ट मुलीने कसं बसावं, किती हसावं, साहेबांच्या चुका मुकाट्याने कशा सुधाराव्यात हे सांगणारी तर अख्खी फळी आहे. ती लिहिणारे सगळे पुरुष. साहेबांच्या सहीने गेलेली पत्रं कोणाच्या बोटांतून उतरली, याचा एवढाच पुरावा शिल्लक आहे. तो मी किलोवर घालणार नाही. वकिलाला खुशाल पाठव. मी दारात खुर्ची टाकून बसेन, आणि तो बहिरा असला तरी त्याला ऐकू जाईल.

आता तुझ्या झकास टायपिंगविषयी. एकतीस वर्षं मी मुलींची पानं तपासली. दोन बोटांनी बडवणाऱ्याचं पान मला हातभरावरून कळतं, सगळी अक्षरं सारखीच घायाळ असतात. तुझं पान दहा बोटांचं आहे, न बघता केलेलं, समास सरळ. फक्त डाव्या करंगळीची अक्षरं पुसट. म्हणजे बाकी सगळे धडे गिरवले, तेवढा एक राहिला. माझ्या क्रमांक एकेचाळीसच्या पुस्तकातून नेमका तोच धडा फाटलेला होता. आणि चार वर्षांपूर्वी तुम्ही दोघं राहून गेलात, तेव्हापासून एकेचाळीस कपाटात नाही.

तो धडा मी दुसऱ्या प्रतीवरून उतरवून ठेवला होता. सोबत जोडलाय. ज्याचा आहे त्याला पोचेलच, कारण तुझी पाकिटं कोण फोडतं तेही आता कळलं.

भांडण पुढे चालू ठेवून लोभही चालू ठेवावा.

तुझी,
चिमणी


१९ मार्च

प्रिय वन्सं, सप्रेम नमस्कार.

पकडलंत. पुस्तक मी नेलं, न विचारता. विचारलं असतं तर ह्यांना कळलं असतं आणि ह्या वयात काय करायचंय, हे ऐकावं लागलं असतं. सासऱ्यांचं यंत्र माळ्यावर होतंच. हे ऑफिसात असताना दुपारी मी शिकले. पुढे ह्यांचा हात थरथरायला लागला. तेव्हापासून हे सांगतात, मी टाइप करते, हे कसाबसा सहीचा फराटा ओढतात. पत्रं किती सुबक, असं लोक म्हणतात आणि हे मान डोलावून ते घेतात. तुमची पुस्तकं रद्दीत घाला, हेही मीच टाइप केलं. करताना करंगळीच काय, दहाही बोटं लाजली.

तुमचं पत्र मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, एक शब्द न गाळता. ह्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, वकिलाला लिही, पंचवीसला रद्दीवाला घेऊन जा. मी यंत्रावरचे हात काढून मांडीत ठेवले. म्हटलं, तुमचं झकास चालतं ना, घ्या. हे जेवायच्या वेळेपर्यंत यंत्राशी झटत होते. वकिलाचा पत्ता अर्धा झाला आणि फीत निखळली. बसवून दे म्हणाले. म्हटलं, माझा करंगळीचा सराव चाललाय, नंतर बघू. तेव्हापासून अबोला आहे. घर शांत असलं की सराव छान होतो.

आम्ही एक तारखेला येतो. माझी कॉट आतल्या खोलीत, पुस्तकांच्या मधोमध. ह्यांची बाहेर. मी हे सांगितलं तेव्हा हे काही बोलले नाहीत, आणि अबोल्याचा हा दुसरा फायदा. यंत्र सामानात येईल, एकेचाळीस माझ्या मांडीवर. तुम्ही दारात खुर्ची टाकणार असाल तर दोन टाका.

डाव्या करंगळीची अक्षरं तपासा आणि मार्क खरे द्या, नात्यातले नकोत. बाकी लोभ आहेच, तो आता चोरून ठेवायचा नाही. पत्र माझं, टायपिंग माझं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खाली सहीही माझी.

तुमची,
वहिनी