फळत्या वेलाचा पाला

माय, तुझी नात आज करटुल्याचा पाला दोन पिशव्यांत भरून घेऊन गेली. एकीवर ‘नर’ लिहिलंय, दुसरीवर ‘मादी’. नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीत ती पानांची तपासणी करते. म्हणाली, “आजी म्हणायची ते खरं का, बघतेच बाबा. लोह किती, चुना किती. फरक निघंलही, पण पाला फुलाआधी खुडला का नंतर, त्यावरही असतं ते.” तिची गाडी वळणाआड गेली आणि मी ओसरीवर बसलो तो बसलोच.

तुझं म्हणणं मला अजून कवितेसारखं पाठ आहे. नर वेल सगळा जोर फुलोऱ्यात उधळतो; मादीला फळ पोसायचं असतं, म्हणून ती पानात साठवून ठेवते. बाळंतिणीला, आणि जिची कूस उजवली नाही तिला, तू मादीवेलाचाच पाला रांधून घालायचीस. माझ्या लग्नाला तेव्हा सात वर्षं झाली होती. हापशावर बायका तुझ्या सुनेला विचारायच्या, “अवंदा तरी पाळणा हलतो का न्हाई?” ती घागर उचलून गुमान घरी यायची. त्या श्रावणात तू मला डोंगराच्या उताराला धाडलंस. “फुलाच्या बुडाला इवलंसं काटेरी करटुलं दिसलं तरच खुड. बराबर बघ. मास्तर झालास, एवढं तं कळंल.”

मी उतारावर पोचतो. खाली आपल्या धावडा गावाची घरं, त्यांच्यावरून ढगांच्या सावल्या सरकताहेत, आणि मला सातवीच्या पुस्तकातली कविता आठवते. दगडावर बसून ती म्हणतो. मग दुसरी. मग जिच्या दोन ओळी विसरलोय ती. भानावर येतो तेव्हा दिवस कललेला. मादीवेल वर, बाभळीच्या काट्यांत. हाताशी नुसता फुललेला नर. मी तोच ओरबाडतो, फुलं वेचून टाकतो आणि घरी येतो.

चुलीपुढं पाला निवडताना तू विचारलंस, “मादीचाच न्हवं?” मी हो म्हणालो. पाल्यात एक फूल राहिलं होतं. तू ते उलटं करून पाहिलंस. बुडाला काहीच नव्हतं. तू माझ्याकडं पाहिलंस. “कविता म्हनत बसला असशील,” एवढंच हळूच म्हणालीस, फूल चुलीत टाकलंस आणि सुनेला हाक मारलीस, “खा पोरी, फळता वेल हाय.” कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली.

पुढच्या सालात पोरगी झाली. तू गावभर मादीवेलाचं कौतुक सांगितलंस, मी मान डोलावत राहिलो. तू त्या दिवशी का गप्प बसलीस, हे तुला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर आधी कबूल करावं लागलं असतं.

लेकीला सांगावंसं वाटतं, आजीचं म्हणणं खुशाल तपास, पण तू त्याचा पुरावा न्हाईस. तिला सांगितलं तर तिच्या आईला कळणार. आणि तिनं त्या एका जेवणावर सारा जन्म भरवसा ठेवलाय.

आता हे लिहून राह्यलो तर तुझी सून आत पोरीच्या पिशव्या भरून उरलेला पाला निवडतेय. मघाशी तिनं विचारलं, “अहो, मादीचाच हाय न्हवं?”

“व्हय,” म्हणालो. माय, मी बघितलं नव्हतं.