मागे वजन हवं

चि. धाकट्यास थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

मी कोण ते आठवतंय का? तुझी बहीण. एकच आहे, त्यामुळे गोंधळ व्हायचं कारण नाही. पण मागच्या खेपेला तूच फोन लावलास आणि मी उचलल्यावर मलाच ‘कोण बोलतंय?’ म्हणून विचारलंस, तेव्हा आधीच सांगून ठेवलेलं बरं. डोक्यावर चष्मा असेल तो खाली नाकावर घे आणि मग पुढे वाच. डोक्यावरही नसेल तर भावजयीला विचार; तुझ्या वस्तू शोधून देण्यातच तिचा निम्मा संसार झालाय. गुडघा कसा आहे? दुखतोय, की तोही दुखायचं विसरला? कोंबड्या अंडी देतात ना? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे कोणी कोणाशी धड बोलत नाही, पण जेवायला वेळेवर येतात.

पत्र नात लिहितेय. मी सांगते ते जसंच्या तसं उतरवते असं तिचं म्हणणं. (मला अक्षर येत नाही हे खरं, पण मी बोलले किती आणि कागद भरला किती, एवढं मला लांबीवरून कळतं. काल मी सुनेबद्दल भरपूर बोलले आणि कागदावर दीड ओळ उमटली. तो कागद मी फाडायला लावला.)

तर पत्रास कारण ह्यांची गाडी. तीच, पिकअप, जिच्यात हे लोकांची कपाटं पोचवायचे. हे गेल्यापासून ती मागच्या शेडमध्ये उभी होती आणि एक मांजर दर वर्षी तिच्या सीटवर बाळंत व्हायचं, एवढाच काय तो तिचा उपयोग. पण तुझा भाचा यंदा ऑफिसातून निवृत्त झाला. निवृत्त झाल्या झाल्या त्यानं स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीनुसार लावले. सून हळदीच्या डब्यात हात घालते तर निघतो साबण! मग तिनं त्याला अगदी गोड आवाजात सांगितलं, अहो, घराबाहेरचं काहीतरी हाती घ्या. म्हणून त्यानं गाडी हाती घेतली.

त्याच्या फोनवर त्याला कळलं की असल्या गाड्यांना आता क्लासिक म्हणतात आणि नीटनेटकी करून विकली तर चांगले पैसे येतात. जुनी झाली की भंगार आणि फारच जुनी झाली की क्लासिक, असं आहे म्हणे. मी म्हटलं, बाबा रे, मग माझी काय किंमत येते तेही बघून ठेव. तर लेकानं हनुवटीला हात लावून खरंच विचार केला आणि विचारलं, “आई, तुझं सगळं ओरिजिनल आहे का?” दात सोडून, म्हटलं.

मिस्त्री बोलावला. ह्या मिस्त्रीला अख्खी गल्ली ‘होईल’ म्हणते, कारण दुसरं काही त्याच्या तोंडून येतच नाही. इंजिन सुरू होईल का? होईल. ब्रेक? होईल. कधी? होईल. चहा चालेल का म्हटलं तरी होईल म्हणतो, आणि होतोही, तीन-तीनदा. पण इंजिन मात्र त्यानं सुरू केलं. आधी काळा धूर आला, मग मांजर आलं, मग आवाज आला. तो आवाज ऐकून मी उगाचच तांदळाचं ताट घेऊन आत गेले. (हे लिहू नकोस, म्हटलं होतं. लिहिलंस? राहू दे मग.)

त्यानंतर दोघांनी तिचं जे काही केलं ते मी लग्नाच्या मांडवातसुद्धा पाहिलेलं नाही. गंज घासला, पत्रा ठोकला, शेवाळासारखा तो जुना हिरवा रंग खरवडून त्यावर लालभडक रंग चढवला. गोल दिवे काढून चौकोनी बसवले. सीटला चकाकतं कापड आलं, त्यावर बसलं की माणूस घसरून खाली जातं. आणि जुनं जे जे निघालं ते तुझ्या भाच्यानं हसतमुखानं वाटून टाकलं, न्या न्या, अडगळ जाईल म्हणत. बंपर शेजारणीनं फाटकाला आडवा लावला, आरसा न्हाव्यानं नेला, आणि जुनी सीट होईल-मिस्त्रीनं स्वतःच्या गॅरेजात टाकून तिच्यावर दुपारची झोप सुरू केली.

मग गिऱ्हाईक आलं. गडी पांढरी पँट घालून आला. चिखलाच्या अंगणात, जुनी गाडी बघायला, पांढरी पँट! त्याचं नाव त्यानं सांगितलं होतं, पण घरात आता सगळे त्याला पांढरी पँटच म्हणतात. त्यानं गाडीभोवती फेरी मारली आणि प्रत्येक नव्या वस्तूपाशी थांबून जिभेनं च्च केलं. रंगापाशी च्च, दिव्यांपाशी च्च, सीटपाशी च्च-च्च. तुझा भाचा वर्गात उत्तर चुकलेल्या पोरासारखा मागून चालत होता. शेवटी ते गृहस्थ म्हणाले, साहेब, जुनी गाडी म्हणजे जुनी हवी, तुम्ही हिची नवी करून ठेवलीत. जेवढं नवं, तेवढी किंमत खाली. शिवाय ही टू-व्हील ड्राइव्ह, चारही चाकांना जोर असता तर गोष्ट वेगळी होती. मी नातीला विचारलं, म्हणजे काय गं? ती म्हणाली, आजी, चाकं चार आहेत, पण इंजिनचा जोर फक्त मागच्या दोघांना. पुढची दोघं नुसती बरोबर चालतात. मी म्हटलं, अगदी आपल्या घरासारखं. (सून आतून हसली. माझ्या बोलण्यावर ती हसल्याचं पहिल्यांदाच ऐकलं.)

झालं! नव्याचं परत जुनं करायचं काम निघालं. स्वतः वाटलेल्या वस्तू तुझा भाचा दारोदार मागत हिंडायला लागला. शेजारीण म्हणाली, फाटक करून द्या आणि बंपर न्या. त्यानं फाटक करून दिलं. न्हावी म्हणाला, गिऱ्हाइकांना त्या आरशाची सवय झालीये, तुम्हीही आधी गिऱ्हाईक व्हा. तेव्हा तो डोकं भादरून आला, काखेत आरसा घेऊन. मी दार उघडलं आणि त्याला कोण पाहिजे म्हणून विचारलं. (पाहिलंस, हे घराण्यातच आहे.) सीटसाठी मात्र होईल-मिस्त्री पहिल्यांदा आयुष्यात ‘बघू’ म्हणाला. शेवटी सुनेची घडीची खाट त्याच्या गॅरेजात गेली तेव्हा सीट आली. लाल रंगावर पुन्हा हिरवा चढवला, आणि तो जुना दिसावा म्हणून दोघं मोठी माणसं दोन दिवस त्याला चहाच्या पाण्यानं पुसत होती.

आता सगळं जागच्या जागी आलं. राहिला फक्त मागचा फाळका. तुला कळावं म्हणून सांगते: गाडीच्या मागे जी लोखंडी फळी खाली पडते आणि वर लागते, माल चढवायला उतरवायला, तो फाळका. त्यावर कंपनीची अक्षरं उठावाची आहेत. आयुष्यात मला ओळखता येणारी अक्षरं तेवढीच. एक गळासारखं, एक कान तुटलेल्या कपासारखं, आणि शेवटचं पाय फाकून उभं राहिलेल्या माणसासारखं. हे कपाट चढवायचे तेव्हा मी त्यावर बोटं फिरवत उभी राहायची. पांढरी पँट म्हणाली, त्या फाळक्यातच सगळी किंमत आहे, तो असला तर म्हणाल ते देतो, आणि नसला तर गाडीच नको. तुझ्या भाच्यानं सगळं घर पालथं घातलं. माळा झाला, विहीर झाली, शेजारणीचं अंगण झालं. माझ्या पलंगाखालीसुद्धा वाकून बघितलं, जसा काही मी तो उशाला घेते.

दरम्यान पांढरी पँट गाडी चालवून बघायला परत आली. तुला आपली शेड आठवत असेल (नसेल), ती खाली आहे आणि रस्ता वर, मध्ये चढ. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता. तुझा भाचा स्टिअरिंगवर, गाडी रिकामी. चढावर गेली आणि मागची चाकं जागच्या जागी गरागरा फिरायला लागली. चिखल उडाला तो नेमका कुणावर, ते सांगायला नको. पँटीचं नाव बदलायची वेळ आली. होईल-मिस्त्री होईल होईल म्हणत गाडी ढकलत होता आणि गाडी त्याला घेऊन मागे येत होती.

मी खिडकीतून ओरडले, अरे, मागे वजन हवं! जोर मागच्या चाकांना, आणि मागे काहीच नाही, तर चाकं धरणार कशाला? कपाट नसेल तेव्हा हे मलाच मागे खुर्ची टाकून बसवायचे. म्हणायचे, तू मागे बस, वारा छान लागतो. कित्येक वर्षं मी वारा खात बसले. पुढे एकदा चढावर मी उतरायला लागले तेव्हा ह्यांच्या तोंडून निघून गेलं, अगं उतरू नकोस, गाडी घसरेल. मला वाटायचं प्रेम आहे; होतं वजन. आठवडाभर बोलले नाही मी त्यांच्याशी. मग बोलले, कारण वारा खरंच छान लागायचा.

तर खुर्ची आली, मी चढले. तरी भागेना, मी आता पूर्वीसारखी राहिले नाही. मग सून चढली. तरी चाकं घसरतच होती, तेव्हा मी त्या गृहस्थांना म्हटलं, या हो वर, पँटीचं आता काय राहिलंय! बिचारा चढला. मागे फाळका नाही, नुसती दोरी बांधलेली; गाडीनं चढ घेतला आणि ते गृहस्थ माझ्या खुर्चीचा पाय दोन्ही हातांनी धरून बसले. पण गाडी वर गेली, धाकट्या, अशी गेली की बास! वर रस्त्यावर वारा लागला. सुनेनं डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं घाबरली, पण ती म्हणाली, आई, अजून थोडं पुढे जाऊ या ना.

आणि घात झाला. खाली उतरल्यावर त्या माणसाचे डोळे चमकत होते. म्हणाला, आता तर हीच गाडी पाहिजे. फाळका तेवढा शोधा. आता तुझ्या भाच्याचं म्हणणं पडलं की एकदा मामाला विचारून बघू, मामाकडे कपाट पोचवलं होतं तेव्हा कुठे राहिला असेल. म्हणून विचारते. आठवून बघ. काही घाई नाही.

भावजयीला आशीर्वाद. कोंबड्यांनाही.

तुझी
थोरली

ता. क. : तुझा भाचा इथेच उभा आहे आणि लिहायला सांगतोय की रविवारी तो तुला फोन करेल, तोवर अंगण, गोठा, कोंबड्यांचं खुराडं सगळीकडे नीट बघून ठेवावं. बघून ठेव हो.

दुसरा ता. क. : अक्षर बदललेलं दिसेल आणि कागदाला तेलही लागलं असेल. नात अभ्यासाला गेली. हे होईल-मिस्त्रीकडून लिहून घेतेय. तो कुणाला सांगणार नाही, गाडी गेली तर त्याचा चहा जातो.

फाळका तुझ्या खुराड्याला उतरणीसारखा लावलेला आहे. कोंबड्या त्यावरून चढतात. एका दिवसासाठी म्हणून तू तो ठेवून घेतलास आणि परत द्यायला विसरलास; मी त्या दिवशी दोरीला धरून, पाय बाहेर सोडून घरी आले होते. आजवर ह्या विसरण्याबद्दल मी तुला काय काय बोलले असेन, ते सगळं मागे घेते. रविवारी फोन आला की तू विसर. फाळका विसर, गाडी विसर, वाटलं तर भाच्यालाही विसर. तुला कुणी खोटारडा म्हणणार नाही, एवढं तू आयुष्यभर कमावून ठेवलंयस.

गाडी विकू नकोस असं मी लेकाला सरळ का सांगत नाही म्हणशील. सांगितलं तर तो लगेच ऐकेल, आणि मग वर्षभर मोठा त्याग केल्यासारखं तोंड करून फिरेल. ते मला बघवणार नाही. शिवाय फाळका शोधतोय तोवर सुखात आहे तो. सकाळी उठून टोपी घालून निघतो, संध्याकाळी दमून येतो, पोटभर जेवतो. सुनेला बहुधा सगळं ठाऊक आहे. फाळक्याचं नाव निघालं की ती माझ्याकडे बघते आणि आत निघून जाते. तिलाही तो परत डब्यांपाशी नकोय.

आणि एक. तुझ्या चढावर बस येत नाही, आणि लेकाच्या त्या डबीसारख्या कारमध्ये मला मळमळतं. हे गेल्यापासून तुझं तोंड पाहिलेलं नाही. गाडी विकली गेली तर मग पाहून झालंच. लेक फाळका शोधायला लांब गेला असेल त्या दिवशी मिस्त्री मला तुझ्याकडे घेऊन येणार आहे. मी त्याला विचारलं, मला एकटीला मागे बसवून गाडी तो चढ चढेल का? तर हा माणूस होईल म्हणेना. माझ्याकडे खालून वर बघितलं आणि म्हणाला, “आजी, वजन कमी पडेल.”

तेव्हा ह्या वेळी अंडी नकोत, मध नको, काही नाजूक नको. बटाटे पाठव. दोन पोती, गच्च भरून, मोठे मोठे बघून. खायचे नाहीत, तुझे तुलाच परत आणून देते. एवढं मात्र विसरू नकोस.