पिशवीवरचं अर्धं वाक्य

प्रिय भिंगरी,

'प्रिय' लिहिताना पेन अडलं. पण शाळेपासूनची सवय, एका आठवड्यात कशी सुटेल?

तुमच्या स्मृतिगटाचं काम वाईट आहे, असं मी कधीच म्हणणार नाही. जखमी सैनिकांसाठी पैसा उभा करायचा म्हणून पहिल्या वर्षी मीही तुम्हा पोरापोरींबरोबर चौकात बिल्ले विकले. टाचण्या टोचून तुझी बोटं सुजायची, तरी तुझी बडबड थांबायची नाही. दादा लढाईत गेल्यावर तर तुम्हीच आमचं घर सावरलंत. म्हणून त्याचं मला आलेलं शेवटचं पत्र मी तुझ्याकडे ठेवायला दिलं. आमच्या दोन खोल्यांत आईच्या हाती लागत नाही असं काही नसतं, आणि ते तिच्या हाती लागायला नको होतं. का, ते तुला ठाऊक होतं. तुमच्या गच्चीवर आपण दोघींनी मिळूनच ते वाचलं होतं.

मंगळवारी आईच्या शिलाईच्या दुकानात एक बाई तुमच्या गटाची कापडी पिशवी घेऊन आली. बंद उसवला होता. आईनं पिशवी मशीनवर पसरली आणि तिचा पाय थांबला. पिशवीवर दादाचं अक्षर छापलेलं होतं, तुमच्या पोरांनी सरळ, ठसठशीत करून घेतलेलं, तरी त्याचंच. 'मला भीती वाटत नाही.'

आईनं बंद नीट शिवून दिला. बाई गेल्यावर मला म्हणाली, "हे त्यानं मला कधी लिहिलं नाही. कुणाला लिहिलं?"

मी तुला फोन केला. तू म्हणालीस, "अगं, गटाला एक छानसं वाक्य हवं होतं. पिशव्या हातोहात खपतायत!"

ते वाक्य तेवढंच नव्हतं गं. 'मला भीती वाटत नाही, असं आईला सांग. तुला खरं सांगतो, पेन धरवत नाही इतके हात थरथरतात.' तू बरोबर स्वल्पविरामावर कात्री चालवलीस. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. परक्यानं केलं असतं तर भांडून मोकळी झाले असते.

आईला मी सगळं सांगितलं. वाटलं, कोसळेल. ती म्हणाली, "तो घाबरट होता, हे तू मला सांगतेस? अंधाऱ्या जिन्यावरून एकटा उतरायचा नाही. तरी गेला ना?" मग विचारलं, "पत्र कुठंय?" आणि माझी मान खाली गेली.

स्मृतिदिनाला तिला मंचावर बसवायचं तुम्ही ठरवलंय. ती येणार नाही. पण हे लिहायला बसले ते त्यासाठी नाही. आईला ते अख्खं पान स्वतः वाचायचंय, तेव्हा पाकिटात घालून टपालानं पाठव. स्वतः आणून देऊ नकोस. आई दार उघडेल, तुला आत घेईल, पाणी विचारेल. मला ते बघवणार नाही.

'तुझीच' लिहवत नाही,
त्याची बहीण