पुढचे चाक मागे दुमडते

तानुंडा,
बुधवार, १९ मार्च, उपवासकाळ

प्रिय कॅलम यास,

प्रभूची शांती तुझ्यावर आणि थियावर असो.

येथे सर्व कुशल आहे. द्राक्षांची तोडणी आटोपत आली आहे. थियाने लावलेल्या टोमॅटोला अजून फळे धरतात. पिशवीभर सोबत ठेवली आहेत. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र मी स्वतः येऊन तुझ्या शेडच्या दाराशी ठेवीन. टोमॅटो टाकून दिलेस तरी चालेल. पत्र मात्र शनिवारच्या आत वाच.

काल मर्व्ह आला होता. मी तपासणीच्या कागदावर सही नाकारल्यामुळे क्लबचे मैदान तुला बंद झाले, म्हणून तू शनिवारी त्याच्या मेंढ्यांच्या कुरणातून आपले ‘कॅनबेरा’, ते रिमोटवरचे जेट विमान, उडवणार आहेस, असे त्याने सांगितले. “थिया पण येणारे. पुढे उभी राहून फोटो काढणारे म्हणे,” असेही म्हणाला. मी त्याला केक वाढला. तो गेल्यावर प्रार्थनेला बसलो.

कॅलम, ते विमान आहे तसे उडवू नकोस.

विमानाविषयी माझ्या मनात आदरच आहे. एकही भाग विकत न आणता, जुन्या छायाचित्रांवरून साचा घडवून, काचतंतूंचे थर चढवून तू ते उभे केलेस. डाव्या पंखावरचे रिव्हेट लीसलने इंजेक्शनच्या सुईतून गोंदाचा एकेक थेंब सोडून उठवले होते. उजव्या पंखावरचे तुझे आहेत. थोडे मोठे, थोडे वाकडे. माझी लेक गेल्यानंतर ते तू एकट्याने पूर्ण केलेस, हे मला ठाऊक आहे. रविवारी तपासणीत डाव्या पंखाखाली बोटे धरून उचलताना माझे हात त्या थेंबांवरच होते.

पंखांखाली तू केलेली तोलाची खूणही अचूक होती. मर्व्ह आणि मी विमान उचलले, तेव्हा ते तराजूच्या दांडीसारखे आडवे स्थिर राहिले. “आटपा पास्टर, विमान आहे ते, बाप्तिस्म्याचं बाळ नव्हे!” मर्व्ह म्हणाला. सारे हसले, तूही हसलास. मग मी म्हणालो, सही करणार नाही.

“का?”

“मन मानत नाही.”

“मन? सहा वर्षं बांधतोय मी हे! दोष दाखवा ना, इन्स्पेक्टरसाहेब. एक तरी दाखवा!”

मी गाडीकडे चालू लागलो. मागून तू ओरडलास, “तुम्हाला ते उडायलाच नकोय!”

आता ऐक. आपण तोल पाहिला तेव्हा चाके खाली होती. तुझ्या विमानाचे पुढचे चाक दुमडताना मागे जाते. त्याचा पोलादी पाय आणि दोन्ही टायर त्याच्याबरोबर मागे सरकतात. टाक्या रिकाम्या होत आल्या की तोल आणखी मागे जाईल. जमिनीवर निर्दोष असलेले विमान चाके आत घेताच नाक वर काढील. तू दाबशील, ते खाली झेपावेल, तू ओढशील, ते उलटेल. इतके वजन, दोन जळती इंजिने, आणि पुढे कॅमेरा घेऊन उभे राहिलेले तुझे लेकरू.

हे मला रविवारीच दिसले होते.

आपल्याकडची रीत तू जाणतोस. तपासणारा दोष सांगतो, उपाय सांगतो, बांधणारा नाकात शिसे भरतो आणि दुपारी विमान पुन्हा तपासणीला आणतो. मी दोष सांगितला असता, तर चहा होईतो तू तो दूर केला असतास. दोष दिसला, त्या क्षणी मला आनंद झाला, कॅलम. चाळीस वर्षे व्यासपीठावरून मी सांगत आलो की तुमचे बोलणे होय तर होय आणि नाही तर नाही असावे. माझे नाही खरे होते. त्यामागचे मौन खोटे होते.

कारण तूच म्हणाला होतास, “हे एकदा उडू दे, मग घर विकतो आणि थियाला घेऊन पार पश्चिमेला, कालगुर्लीला जातो.” त्या दिवसापासून तुझ्या शेडमधून घासकागदाचा आवाज आला की मला तो माझ्या घराचे दार कोणीतरी झिजवीत असल्यासारखा वाटे. लीसल गेली, तिचा आवाज आता थियाच्या तोंडून ऐकू येतो. तो माझ्याच अंगणात राहावा म्हणून मी गप्प राहिलो. त्या मौनाची किंमत तुला किंवा तिला भरावी लागली असती, हे मला मर्व्ह गेल्यावर उमगले.

तेव्हा विमान टेकूवर घे, चाके आत घे, टाक्या रिकाम्या ठेव आणि तोल खुणेवर बसेपर्यंत नाकात शिसे भर. चाचणीच्या पहिल्या फेरीत चाके खालीच राहू देत. कुरणात जाऊ नकोस. शनिवारी सकाळी क्लबवर आण. मी तेथे असेन. तोल बरोबर असेल तर सर्वांसमोर सही करीन, आणि रविवारी कोणता दोष लपवला हेही सर्वांसमोर सांगेन. थियाला तुझ्या पाठीमागे उभी कर.

मग तुम्ही जा. परमेश्वर तुझ्या जाण्याचे रक्षण करो; आणि त्याची इच्छा असेल, तर येण्याचेही.

तुमच्या वाटेत उभा राहिलेला आणि आता बाजूला होणारा,
एवाल्ड