दोन हजार लोकांची बसायची सोय

३१ डिसेंबर

त्या दिवशी सकाळी मी नुकतीच ओसरी सारवली होती. म्हशीची धार काढून झाली होती, चुलीवर पाणी तापत होतं, भाकरीचं पीठ मळायला घेतलं — तेवढ्यात हे मैदानावरून आले ते थेट ओल्या सारवणातून मोरीपर्यंत. पायाला फक्की. खो-खोच्या रेघा मारायची पांढरी भुकटी. दारापासून मोरीपर्यंत पांढरे पाय उमटले. मी म्हटलं, "उडून जाता येत नव्हतं का?" हे म्हणाले, "पंख धुवायला टाकलेत."

एवढंच. त्या दिवशी बाकी काही घडलं नाही. तरी तीच सकाळ आठवते. दोन वर्षं झाली, ओसरी स्वच्छच असते.

आठवायचं कारण काल. काल येळवस होती, वेळ अमावस्या, पूजेला आणि जेवायला सगळं गाव रानात. आमच्या कडब्याच्या कोपीपाशी पंगत बसलेली, मी शेंगा-भाज्यांची भज्जी वाढत होते. सरपंच रणधीर आला. सोबत बजरंग भावजी — माझे धाकटे दीर, पंचायतीत सदस्य आहेत. रणधीरनं आंबिलीचा तांब्या एका दमात संपवला, मिशी पुसली आणि म्हणाला, "काकू, खो-खोच्या मैदानावर स्टेडियम होतंय. दोन हजार लोकांची बसायची सोय. आन् नाव काकांचं."

मी पळी हातात धरून तशीच उभी. आमच्या गावात पोराबाळांसकट दोन हजार माणसं भरतील का, हे घरी आल्यावर मनात आलं. त्या वेळी नुसतं नाव ऐकू आलं. ह्यांनी जन्मभर ते मैदान झाडलं, पाणी मारलं, पोरं खेळवली. कुणी पगार दिला नाही की कधी हार घातला नाही. आता नाव!

डोळे भरून आले. भावजी म्हणाले, "वैनी, धूर लागला का?"

म्हटलं, व्हय.

४ जानेवारी

एसटी स्टँडवर फ्लेक्स लागलाय.

ह्याच स्टँडवर मी वाचायला शिकले, बसच्या पाट्या बघून. बेंबळी, तुळजापूर, उस्मानाबाद. कितीतरी वर्षं मला तेवढीच गावं वाचता यायची. पुढं पाटीवर धाराशिव आलं तोवर मी वाचनालयातलं कपाट संपवलं होतं, तरी ती पाटी दोनदा वाचली. आता अक्षर दिसलं की शेवटच्या ओळीपर्यंत गेल्याशिवाय पाय हलत नाही.

तर फ्लेक्स. वर स्टेडियमचं चित्र. भोवती नारळाची झाडं. एक गोरी बाई गॉगल लावून कुत्र्याला फिरवतीय. ती आमच्या गावात कुणाकडं उतरलीय, माहीत नाही. खाली 'नियोजित कै. — क्रीडासंकुल'. (नाव लिहीत नाही. तोंडानं घेत नाही तर हातानं तरी कशाला. लग्नात उखाण्यात घेतलं होतं एकदा, तेही पुटपुटत.) मधोमध रणधीर, हात जोडलेला, दारापेक्षा मोठा. आणि कोपऱ्यात हे.

निळा कोट. लाल टाय.

फोटो मी मतदान कार्डावरचा दिला होता. फ्लेक्सवाल्यानं मानेखालचं सगळं बदलून टाकलं. मान ह्यांची, खांदे भलत्याच कुणाचे. जन्मात ह्यांनी कोट घातला नाही. मैदानावर अर्धी चड्डी आणि बनियन, लग्नाकार्यात धोतर.

समोर महादेवीचं किराणा दुकान. माझी जुनी मैत्रीण, तोंडाची फटकळ. ती बाहेर येऊन फ्लेक्स न्याहाळत म्हणाली, "अक्का, दाजी ब्यांकेचे म्यानेजर दिसायलेत की."

मी हसले. मग बसची वाट बघत असल्यासारखं करून बराच वेळ तिथंच थांबले. कोट बरा दिसत होता.

५ जानेवारी

निकिताचा पुण्याहून फोन. "आई, बाबांचं नाव लागतंय तर लागू दे. तू उगं शंका काढू नकोस."

मी अजून एकही काढली नव्हती.

११ जानेवारी

चहाची पुडी आणायला गेले तर महादेवीच्या कट्ट्यावर स्टेडियम चाललेलं. भावजी सगळ्यांना समजावत होते, "पैसा वरून येतोय. आपला एक रुपाया न्हाय."

महादेवी आतून म्हणाली, "वरून म्हंजे? आभाळातून?"

"सरकारकडून."

"आन् सरकारला कोण देतंय? आत्ता तुमी तंबाखूची पुडी घेतली, तिच्यावर कर न्हाय व्हय? म्हंजे थुकताना सुदिक तुमी स्टेडियमच बांधायलाव."

भावजींच्या तोंडात तंबाखू होती. थुंकावं की नाही ह्या विचारात ती ह्या गालातून त्या गालात फिरवली. मग कोपऱ्यात जाऊन थुंकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "गावाचा बारका वाटा हाय तेवढा. घरपट्टी जराशी वाढंल."

कट्ट्यावरचे सगळे एकदम उभे राहिले. "घरपट्टी?" "कुणाची घरपट्टी?" तोवर वरच्या पैशाला कुणाची हरकत नव्हती. एकजण म्हणाला, स्टेडियमला नको म्हणणारा गावाचा वैरी. दुसरा म्हणाला, मग तूच भर माझीबी. दोघांची चुलत भावकी आहे, त्यामुळं विषय बांधावर गेला आणि स्टेडियम तिथंच राहिलं.

मी चहाची पुडी घेऊन आले. वाटेत पुडी उलटी करून कर वाचला. खरंच असतो.

१५ जानेवारी

रणधीरची बायको सोनाली घरी येऊन हळदीकुंकवाचं बोलावून गेली. "काकू, तुम्ही यायचंच. आता जुनं काही मानायचं नाही."

हे गेल्यापासून ह्या गावात मला एकाही हळदीकुंकवाचं बोलावणं नाही. मी रुसलेही नाही. रीतच तशी. ती रीत स्टेडियमनं मोडली, बांधायच्या आधीच.

गेले. सोनालीनं करंडा पुढं केला. तिचं बोट कुंकवात गेलं आणि तिथंच थांबलं. मी कपाळ पुढं केलं नाही, मागंही घेतलं नाही. बाया आमच्याकडं बघायच्या सोडून पंख्याकडं बघायला लागल्या. शेवटी तिनं तिळगुळाची मूठ भरून दिली, वर आणखी एक मूठ. पोरीचा तरी काय दोष.

वाण म्हणून स्टीलचा डबा. झाकणावर स्टेडियमचं चित्र चिकटवलेलं, गोऱ्या बाईसकट. डब्यात जिरं भरलं.

१९ जानेवारी

दिल्लीत खो-खोचा वर्ल्डकप आपल्या पोरींनी जिंकला. पोरांनीही. महादेवीच्या टीव्हीवर बघितला. गादीवर खेळत होते, धुळीचा कण नाही. हे असते तर पहिलं विचारलं असतं — पाणी कुणी मारलं?

बाहेर रणधीरनं फटाके उडवले. वर्ल्डकपचे का स्टेडियमचे, कळलं नाही.

२४ जानेवारी

आज महिलांची सभा झाली. परवा मोठी ग्रामसभा, त्याच्या आधी बायांचं मत घ्यायचं असतं. समाजमंदिराच्या भिंतीवर नकाशा टांगला होता. रणधीरनं छडीनं दाखवलं — ह्या पायऱ्या, ह्याही पायऱ्या, हे मान्यवरांचं व्यासपीठ. मैदान मधे उरलं होतं, ताटात वाटीपुरती जागा उरते तसं.

महादेवीनं विचारलं, "दोन हजार माणसं बसणार ते कळलं. बायांना लघवीला कुठं जायचं?"

रणधीरनं छडी फिरवून एक बारका चौकोन दाखवला. मी उठून जवळून वाचलं. 'प्रसाधनगृह (मान्यवर)'.

"बाकीच्यांचं दुसऱ्या टप्प्यात," रणधीर म्हणाला.

"दम धरा म्हणावं बायांनो," महादेवी म्हणाली, "दुसऱ्या टप्प्यापतुर."

हसणं थांबेना. पण गोष्ट खरीच आहे. मैदानावर खेळणाऱ्या पोरींना आज घरी पळावं लागतं, आणि घरी गेलेली पोरगी परत येत नाही. आई भांड्याला लावते. ह्यांचा कितीतरी वेळा डाव त्यापायी मोडला. पंचायतीला अर्ज देऊन देऊन थकले होते.

रणधीर म्हणाला, "परवा ठराव काकूंनीच मांडायचा. त्यांचा मान आहे." सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. एक म्हणाली, "धुरपदाबाई हात वर करतील तर आमचाबी वर. त्यांच्या माणसाचं नाव हाय, आमी कसं आडवं जावं?"

म्हणजे सगळं माझ्या हातावर आलं.

२५ जानेवारी

दिवसभर हाताला काम सुधरलं नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं.

नाव लागलं नाही तर गावात ह्यांचं काही राहत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. आमचं रान वाट्यानं दिलेलं. पोरगी पुण्यात. कोपऱ्यात फक्कीचं पोतं आहे, ओल धरून दगड झालंय, ते मी कुणाला हलवू देत नाही. तेवढंच. आणि मी मेले की ते पोतंही कुणीतरी उकिरड्यावर टाकणार. स्टेडियम टाकता येत नाही.

आणि दुसरीकडं हे. ह्यांना बसून बघणारी माणसं खपायचीच नाहीत. कुणी मैदानाच्या कडेला टेकलं की लगेच, "बघायला आलाव का? एक कमी हाय, चला." एकदा बेंबळीची बस स्टँडवर लागली, कंडक्टर पाय मोकळे करायला मैदानाकडं आला. ह्यांनी त्याला धरून चौकोनात बसवला. तिकिटाची पेटी गळ्यात तशीच. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, प्रवासी शिव्या घालतायत, आणि कंडक्टर 'खो' ऐकून जो उठला तो गडी मारूनच थांबला. नंतर कधीही बस आली की तो आधी विचारायचा, "सर हायत का?" असले तर खाली उतरायचा नाही.

ह्या माणसाच्या नावानं दोन हजार बसणारे!

२६ जानेवारी

झेंडा झाला, मग सभा. रणधीरनं ठरावाचा कागद माझ्या हातात दिला. मी वाचला, घडी घातली.

म्हटलं, "आधी पोरींना संडास, पाण्याचा नळ आणि मैदानाला चांगली माती. तेवढंच मागा. पायऱ्या नकोत. आणि ठरावातलं नाव कमी करा."

भावजी उठले. "वैनी, इचार करून बोला. पुन्यांदा असा निधी यायचा न्हाय."

"दोन हजार माणसं तरी कुठून येणार हायत, भावजी? तुमी एकटे किती जागी बसचाल?"

ग्रामसेवकानं पेन उघडलं. "कुणाचं नाव कमी करायचं, ते स्पष्ट सांगा."

"ह्यांचं."

"ह्यांचं म्हणजे?"

"आमच्या घरच्यांचं."

"बाई, असं लिहिता येत नाही. नाव सांगा."

नाव त्याच्यासमोर कागदावर छापलेलं होतं. पण त्याला तोंडूनच पाहिजे. मागून एक म्हातारी म्हणाली, "उखाण्यात घे की गं." सगळी सभा हसली. मीही उखाणा आठवून बघितला. चांदीचं ताट का काहीतरी होतं, पुढचं सुचेना.

मग नुसतंच घेतलं. "बब्रुवान दत्तू सुरवसे."

माझ्याच कानाला नवीन वाटलं. लग्नानंतर पहिल्यांदा घेतलं, ते कमी करण्यासाठी. ग्रामसेवकानं लिहून घेतलं तरी मी आणखी एकदा म्हटलं, "बब्रुवान." गरज नव्हती.

महादेवीचा हात आधी वर गेला, मग बायांचे, मग घरपट्टीवाल्यांचे. पायऱ्या पडल्या. संडास, नळ आणि मातीचं मागणीपत्र जाणार. मिळंल तेव्हा मिळंल.

रणधीर जाताना म्हणाला, "काकू, काकांचं नाव तुमीच घालवलं बघा." मी घरी येऊन रडले. बरंच.

सांजच्याला भावजी फ्लेक्सची गुंडाळी खांद्यावर घेऊन आले. रागात होते, तरी म्हणाले, "वैनी, कापड मजबूत हाय. गोठ्यावर टाकू का? छपराला भोकं पडलीत." टाका म्हटलं. त्यांनी टाकून चारी कोपऱ्यांना दगड ठेवले. हे निळा कोट घालून आभाळाकडं बघत पडलेत. म्हशीला ऊन लागणार नाही.

२७ जानेवारी

सकाळी फक्कीचं पोतं फोडलं, वरवंट्यानं कुटून बारीक केली. मैदान झाडलं, पाणी मारलं, रेघा ओढल्या. वाकड्या आल्या. पोरी आल्या. एक चौकोन रिकामा होता. मी जाऊन बसले.