वॉल्व्हमन खाजाचा पेपर

२ एप्रिल २००१
नगरपालिकेचा वॉल्व्हमन खाजा ३१ मेला रिटायर होतोय. मुख्याधिकारी उगाच घाबरलेत. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर पाण्याची पाइपलाइन घाईत फिरवली, नकाशा कोणी काढलाच नाही. चाळीस वॉल्व्ह कुठे पुरलेत ते फक्त खाजाच्या डोक्यात. मला म्हणाले, दोन महिने त्याच्याबरोबर हिंडून सगळं लिहून घ्या. मी इंजिनिअर, तो सातवी नापास.

५ एप्रिल
उपाय सापडला. बायकोच्या नावावर माझा कोचिंग क्लास आहे, लातूर पॅटर्न कोळून प्यायलोय. खाजासाठी पेपर काढला. शंभर प्रश्न, चार पर्याय, निगेटिव्ह मार्किंग.

१२ एप्रिल
परीक्षा. प्रश्न सातवा: मशिदीजवळचा वॉल्व्ह किती आटे उघडावा? खाजा म्हणाला, "सायेब, चारीबी बरोबर हायेत. टाकीत पाणी किती, त्यावर हाय. पहाटे पाचला संगं या, दावतो."
पाचला! मार्क उणे चार. असल्या ठोंब्याच्या हातात गावाचं पाणी होतं.

२० मे
खाजाची उत्तरं चूक, म्हणून बरोबर उत्तरं मीच भरली. स्पायरल बाइंडिंग. देखणी फाइल.

३१ मे
निरोप समारंभ. शाल, नारळ. मी बोललो की माणूस जातो, सिस्टिम राहते. टाळ्या. खाजा मुलीकडे लोह्याला गेला.

२ जून
फाइलप्रमाणे वॉल्व्ह उघडले. हॉस्टेलांच्या गल्लीत गुडघाभर पाणी, जुन्या गावात थेंब नाही. उतारच चुकीचा आहे या गावाचा.

५ जून, दुपार
वॉल्व्ह शोधायला नऊ खड्डे खणले. टेलिफोनची केबल सापडली. बायकांचा मोर्चा आला. नागुबाई नावाच्या बाईने रिकामी घागर माझ्या टेबलावर ठेवली. "चौथा दिस हाय. लेकराला काय पाजू?" अर्ज करा म्हणालो. अडाणी लोक. मुख्याधिकाऱ्यांनी मला खाजाचा पत्ता आणायला त्याच्या घरी पिटाळलं.

५ जून, संध्याकाळ
घरी खाजाची बायको अमीरबी. खाजाची कंबर दोन वर्षांपासून गेलेली, वॉल्व्हची चावी हीच फिरवत होती म्हणे! तिलाच जीपमध्ये घालून आणलं. उतरली, आमच्या एका खड्ड्यापासून दोन पावलांवर टाच आपटली. खणलं. वॉल्व्ह. वीस मिनिटांत जुन्या गावाला पाणी. योगायोग असतात.

९ जून
अमीरबी रोजंदारीवर. आदेशात मी त्यांचा 'मदतनीस'. टायपिस्टची चूक असणार. पहाटे पाचला कमरेएवढी लोखंडी चावी खांद्यावर घेऊन निघालो. दुसऱ्या वॉल्व्हपाशी धाप लागली, खाली बसलो. एका म्हातारीने अमीरबींना चहा आणून दिला आणि माझ्याकडे बघून विचारलं, हा नवा वॉल्व्हमन का.
अमीरबी म्हणाल्या, "आजून न्हाई."