चार नंबरचा शिरा

चिंतामणकाकांनी चार नंबरच्या खोलीतून शिरा मागवला, त्या घडीला माझं जे व्हायचं होतं ते होऊन गेलं. तोपर्यंत मृत्युपत्र हा म्हाताऱ्या माणसांचा उद्योग आहे असं मला वाटायचं. आता मी, यज्ञेश सदाशिव गुप्ते, वय वर्षे तेवीस, कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलेला, धंदा लॉज चालवणे, राहणार कालवा विश्रांतिगृह, बदलापूर गाव, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. लवकर तापतं, पण ठिकाणावर आहे. मी प्यायलेलो नाही, कोणी धाक घातलेला नाही, आणि लाडीगोडीही कोणी लावलेली नाही. लावणारं माणूस आता राहिलेलं नाही.

आमचं स्वयंपाकघर माझ्या आत्याच्या काळापासून पुतळी सांभाळते. मला लिहिताना बघून ती म्हणाली, "पोरा, असा कागद मरनारी मानसं लिवतात."

मी म्हटलं, जहाजावर जाणारीही लिहितात. तेव्हा हे आधीच स्पष्ट करतो. मी जीवबीव देणार नाही, कोणी कालव्याकडे धावू नये. मालवाहू जहाजाच्या भटारखान्यात मला नोकरी लागली आहे आणि मी आज निघतो. समुद्राचा भरवसा नाही, माझ्या चुलतभावाचा त्याहून नाही, म्हणून हा खटाटोप.

कलम १. माझी मिळकत म्हणजे सदर लॉज, खाली-वर मिळून आठ खोल्या, गच्ची व स्वयंपाकघर. ती मला माझी आत्या कै. कुंदा गुप्ते हिच्या मृत्युपत्राने मिळाली. चतुःसीमा: पूर्वेस कालवा व त्यावरचा लोखंडी साकव. पश्चिमेस गावाचा रस्ता. उत्तरेस चुलतभाऊ प्रमोददादाचा रिकामा प्लॉट. दक्षिणेस चिंचेचं झाड, जे आमचं की शेजाऱ्यांचं यावर आत्या मरेपर्यंत भांडली. ते आमचंच आहे.

आमच्याकडे कोण उतरतं ते लिहितो, कारण मिळकत म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत. दोन नंबरला उल्हासनगरचे राजूशेठ येतात. त्यांचं घर इथून लोकलने दोनच स्टेशनं, पण घरात मुलगे, सुना आणि शिलाई मशीन. "उधर मशीन चलती है, इधर पानी चलता है," म्हणतात आणि दुपारचे झोपून परत जातात. सहा नंबरला विनिता मॅडम. त्यांचा चिखलोलीचा फ्लॅट बिल्डर 'पुढच्या महिन्यात' देणार आहे, आणि तो महिना येईना म्हणून त्यांनी आमच्या खिडकीत तुळस लावली. वांगणीहून एक नवं जोडपं आलं होतं. घरात दोघांना बोलायला जागा नव्हती म्हणून आले, आणि आल्यापासून जाईपर्यंत भांडले. जाताना मुलगी म्हणाली, "मस्त वाटलं इथे."

चिंतामण वैशंपायन हे असेच आले. अंबरनाथच्या कारखान्यात ऑफिसर, घर मांजर्लीला तळमजल्यावर. नदी घरात शिरली तेव्हा डोक्यावर देव्हारा घेऊन ते आमच्या दारात उभे राहिले, मागे त्यांची मुलगी हिमानी, तिच्या हातात भिजलेल्या पुस्तकांचं पोतं. आत्या तेव्हा होती. तिने काही न विचारता चार नंबर उघडला आणि गरम शिरा पाठवला. घरातला चिखल निघेपर्यंत ते आमच्याकडेच राहिले. हिमानीने गच्चीवर दोरी बांधून एकेक पुस्तक चिमट्याने वाळत घातलं. मी मदतीला गेलो तो तिथेच राहिलो.

"कॉलेज का सोडलंस?" तिने विचारलं.

"सर सगळ्यांसमोर बापावरून बोलले. मी पण बोललो."

"तुझं डोकं कुकर आहे. शिट्टी आधी, शिजणं मागाहून."

ते लोक घरी परतले तरी ती येत राहिली. शिऱ्यातले बेदाणे ती वेचून माझ्या ताटात टाकायची. याहून जास्त लिहिणार नाही, हा सरकारी कामाचा कागद आहे.

कलम २. या लॉजची एक रीत आहे, तीही मी मिळकतीतच धरतो. घरी पाहुणे आले की शेजारी मोजतात कितवं स्थळ आलं. म्हणून गावातली माणसं मुलगी दाखवायचा कार्यक्रम आमच्या चार नंबरमध्ये करतात. चहा-पोहे होतात, मग मुलामुलीला साकवापर्यंत फिरायला पाठवतात. ती परत आली की मुलीकडच्यांनी तोंडाने काही बोलायचं नाही. पसंत असेल तर खाली शिरा सांगायचा, नसेल तर पुन्हा चहा. दुसरा चहा आला की मुलाकडचे तो पितात, हवापाण्याचं बोलतात आणि निघतात. ही रीत आत्याने पाडली, कारण तिला तोंडावर नकार मिळाले होते. किती, ते तिने सांगितलं नाही.

गेल्या गणपतीनंतर चिंतामणकाका आले. "यज्ञेश, हिमानीचा कार्यक्रम तुझ्याकडेच करायचा. तुमच्यासारखी माणसं कुठे मिळतात?" मी घरचा, म्हणून मला सांगायला आले. माझ्या आणि हिमानीबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं. हिमानी म्हणाली, "एवढा कार्यक्रम होऊ दे. मी नाही म्हणते. मग बाबांशी बोलते." मी डोकं शांत ठेवलं. एकदाच ठेवलं.

मुलगा अनीश, आईबरोबर आला. ती दोघं साकवावर जाऊन परत आली ते मी खिडकीतून पाहिलं. मी चहाचं आधण ठेवलं. आणि जिन्यावरून काकांची हाक आली, "यज्ञेश, तुमचा तो शिरा येऊ दे बरं का."

मला वाटलं, हिमानीने ठरवलं. रवा भाजला, करपू दिला नाही, ताटल्या घेऊन वर गेलो. अनीशच्या आईने ताटल्या पाहिल्या आणि हातच जोडले. तिच्या भाचीचा कार्यक्रम आमच्याचकडे झाला होता, तिला रीत पाठ. पिशवीतला नारळ काढून तिने तिथल्या तिथे हिमानीची ओटी भरली. मी काकांच्या तोंडाकडे पाहिलं तेव्हा कळलं, या माणसाला रीत ठाऊकच नाही. पुरात आत्याने शिरा दिला होता, त्याची चव पाहुण्यांना दाखवावी एवढंच त्यांच्या मनात.

मी त्यांना जिन्यात गाठलं. "काका, या घरात शिरा म्हणजे होकार."

त्यांनी कठडा धरला. मग हसले. "असं आहे होय. मग कुंदाताईंचाच आशीर्वाद समजायचा. आता भरलेली ओटी काय परत करायची?"

हिमानी स्वयंपाकघराच्या दाराशी आली. मी विचारलं, "साकवावर काय बोललीस त्याच्याशी?"

"म्हटलं, आम्ही चहा सांगणार. तो बरं म्हणाला."

"मग आता वर गप्प का बसलाय?"

"आईसमोर बसलाय. मी पण बाबांसमोर बसले."

"जाऊन सांग. आत्ता. नाहीतर मी सांगतो."

"कुणाला सांगशील? त्या बाईंनी हातातली बांगडी काढून मला घातली. पूर आल्यापासून बाबा पहिल्यांदा असे हसलेत, यज्ञेश."

"आणि मी?"

तिने बांगडी मनगटावर फिरवली. "तू बेदाणे नाही घातलेस," म्हणाली. "लक्षात ठेवलंस." आणि वर गेली.

कोणी खोटं बोललं नाही, कोणी जबरदस्ती केली नाही. सगळ्यांनी फक्त आदब सांभाळली. मला भांडायला माणूस सापडेना, ते अजून सापडलेलं नाही. लग्न उद्या आहे. काकांनी वऱ्हाडासाठी अख्खं लॉज घेतलं आहे, कारण मी घरचा.

कलम ३. माझ्या माघारी हे लॉज, भांडीकुंडी, बँकेतली शिल्लक व चिंचेचं झाड यांची मालकी पुतळीबाई सुकऱ्या वाघ, राहणार बारवीकडचा पाडा, हिची राहील. मी जिवंत असेतो व इथे नसेतो कारभार तिचाच. ती म्हणते, "मला नको तुजी आठ खोल्यांची झाडलोट." तिचं म्हणणं ऐकू नये.

कलम ४. चुलतभाऊ प्रमोद याला खराटा द्यावा. पुराचं पाणी आमच्या मागच्या दारापर्यंत आलं होतं, तो गाळ काढायला बोलावलं तेव्हा तो आला नाही. आत्या गेल्यावर मात्र दहाव्याला बिल्डर बरोबर घेऊन आला. खराटा नवा घेऊ नये, गाळ काढलेला तोच द्यावा.

कलम ५. माझ्या कॉलेजच्या सरांना मी माफ केलेलं नाही. हे नुसतं नोंदवून ठेवतो.

कलम ६. गच्चीवरची दोरी काढू नये. कपडे खालच्या अंगणात वाळत घालावेत.

कलम ७. रीत चालू राहील, पण बदलून. शिरा असो वा चहा, वरून कोणाचीही हाक आली तरी ती ऐकायची नाही. मुलगी साकवावरून परतली की पुतळीने तिला एकटीला स्वयंपाकघराच्या दाराशी बोलवावं आणि विचारावं, काय करू. ती सांगेल तेच वर जाईल. तिला वेळ लागला तर गॅस बंद करून थांबावं. पाहुणे तिष्ठत बसले तर बसू द्यावेत. हे कलम मोडणाऱ्याला या घराच्या पायरीवर उभं करू नये.

कलम ८. हिमानीसाठी चार नंबर कधीही उघडावा. नवऱ्याबरोबर आली तर नीट जेवायला घालावं, अनीश वाईट माणूस नाही. एकटी आली तर किती दिवस राहणार हे विचारू नये. बेदाणे घालू नयेत.

या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी मी विनिता मॅडमना नेमतो. त्यांचा फ्लॅट मिळाला तरी त्यांनी नकार देऊ नये. याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्याकडे द्यावं असं काही आहे हेच मला माहीत नव्हतं. कागद वाचून पाहिला. माझ्या मनाप्रमाणे आहे. बाकी काहीच माझ्या मनाप्रमाणे नाही.

सही: यज्ञेश सदाशिव गुप्ते

आम्हां दोघांसमोर त्याने सही केली व त्याच्यासमोर आम्ही केली:

१. विनिता रमाकांत प्रधान, मु. खोली नंबर सहा

२. राजू लछमणदास केसवानी, उल्हासनगर (सही करताना म्हणाले, "वसीयत हम बूढ़े बनाते हैं बेटा, तू जा, उसको बोल के आ." मी म्हटलं, बोलून झालंय.)

स्थळ: कालवा विश्रांतिगृहाचं काउंटर, बदलापूर गाव

दिनांक: २ डिसेंबर २०२५

वऱ्हाडाची बस गावाच्या रस्त्याला वळताना दिसते आहे. खोल्या झाडून तयार आहेत, चादरी धुतलेल्या आहेत, रवा भाजून डब्यात भरला आहे. किल्ल्या पुतळीच्या हातात दिल्या. तिने माझ्या पिशवीत चिंचेची गोळी टाकली. मी मागच्या दाराने निघतो. ते पुरापासून फुगलेलं आहे, नीट बसत नाही. जरा उचलून ओढावं लागतं. तसं ओढून घेतो.